मध्यंतराचं पाणी

दुसऱ्याच्या तोंडाचा ग्लास तुम्ही शेवटचा कधी तोंडाला लावला होता? घरच्या माणसाचा नव्हे. ज्याच्या घरी तुम्ही जेवायला बसत नाही, ज्याच्या घरी लेक द्यायचा विचारसुद्धा तुमच्या मनाला शिवत नाही, अशा माणसानं पिऊन, विसळून, पुन्हा भरून तुमच्यापुढे धरलेला ग्लास. आठवत नसेल तर पुढं वाचा. हे तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

आमचं गाव आळंद तालुक्यात आहे. आमच्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, क्रिकेट तर गल्लीगल्लीत आहे. फुटबॉल मात्र एका माणसानं आणला. त्यांना आम्ही सगळ्या अण्णा म्हणायचो. ते आमच्याच वस्तीतले, विहाराच्या मागच्या घरांतले. वस्तीतून कॉलेजात गेलेले पहिले. कलबुर्गीला तेव्हा सगळे गुलबर्गाच म्हणत. अण्णा तिथल्या एका कॉलेजात दाखल झाले त्याच वर्षी त्या कॉलेजाचा पहिला फुटबॉल संघ उभा राहत होता. अण्णांनी तोवर फुटबॉल पाहिलाही नव्हता. निवडीच्या दिवशी ते नुसते बघत उभे होते. बॉल लांब गेला की धावत जाऊन आणून द्यायचे. चार-पाचदा असं झाल्यावर शिकवणाऱ्या सरांच्या लक्षात आलं, की हा पोरगा बॉल थांबायच्या आधीच तिथं पोचतो. ते म्हणाले, "तू आत ये."

पहिलं वर्ष ते अनवाणी खेळले. उजव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते नीट आलंच नाही. डाव्या कडेनं धावायचे. संघाबरोबर हैदराबादपर्यंत जाऊन आले. तिसऱ्या वर्षी वडील वारले आणि कॉलेज सुटलं. पुढची तीसेक वर्षं त्यांनी हुमनाबादला, हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात लॉऱ्यांची चाकं खोलण्यात घालवली. रविवारी सुट्टी असायची. रविवारी ते पहिल्या बसनं गावाकडं यायचे आणि गायरानावर पोरं गोळा करायचे. बॉल फाटला की लॉरीच्या ट्यूबचा तुकडा लावून तो जोडायचे. ढाब्यावरच्या भट्टीची राख पोत्यात भरून आणायचे आणि मैदानाच्या रेषा मारायचे. त्यांच्याकडे प्रशिक्षकाचा कागद कुठलाच नव्हता. शाळेनं त्यांना कधी बोलावलं नाही.

ते मोजायचे कन्नडमध्ये, रागवायचे मराठीत आणि शाबासकी द्यायचे दखनीत. "क्या मारी गे!" हे शब्द ऐकायला आम्ही जीव टाकायचो.

आधी पोरं खेळायची. पोरं मोठी झाली, पुण्याला गेली, हैदराबादला गेली. एका रविवारी मैदानात चौघेच उरले होते. आम्ही तिघी शेण वेचत होतो. बॉल येऊन माझ्या पाटीला लागला, पाटी उलटली. मी चिडून बॉलला लाथ घातली.

"पंज्यानं न्हाई," अण्णा लांबून ओरडले. "घोट्याच्या आतल्या अंगानं मार. आन् बॉलवर कामून चिडायलीस? त्यो काय तुझा दीर हाय?"

मी पुन्हा मारला. आमच्या भागातला मुलींचा पहिला संघ असा शेणाच्या पाटीतून निघाला.

आता ग्लासाचं सांगते.

मैदानाच्या कडेला बाभळीखाली एक घागर असायची आणि तिच्यावर एक स्टीलचा ग्लास. अण्णांनी तो गाणगापूरच्या एका भांड्याच्या दुकानातून आणला होता. आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानदार विचारतोच, नाव कुणाचं घालू? घरातल्या प्रत्येक वाटीवर कुणाचं ना कुणाचं नाव असतं, म्हणजे भांडं हरवत नाही आणि दुसऱ्यांच्यात मिसळतही नाही. अण्णांनी नाव घालू दिलं नव्हतं. तो ग्लास कोरा होता.

मध्यंतराला आम्ही बाभळीखाली ओळीनं उभ्या राहायचो. नियम असा: ग्लास तोंडाला लावून प्यायचं. वरून ओतून नाही, ओंजळीनं नाही. प्यायलं की विसळायचं, भरायचं आणि शेजारणीच्या हातात द्यायचं. जी पिणार नाही ती दुसऱ्या अर्ध्यात खेळणार नाही. ओळ अण्णाच लावायचे आणि दर रविवारी ती बदलायची. साथीच्या दिवसांत मैदान बंद होतं. पुन्हा सुरू झालं तेव्हा घागरीजवळ साबण आला, ग्लास मात्र तोच राहिला.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "कामून?"

"कामून म्हंजे? नियम हाय. हातानं बॉल धरायचा न्हाई म्हणलं तवा इचारलीस का कामून?"

त्यानंतर कुणी विचारलं नाही. आमच्यात वस्तीतल्या होत्या, धनगरवाड्यातल्या होत्या, मोठ्या शेतीवाल्या घरांतल्याही दोघी-तिघी होत्या. तहान लागली की सगळ्या सारख्याच हपापायच्या. "आगं लवकर पी की, घागर गिळायलीस का?" एवढंच काय ते भांडण.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा गवंडीकाम करायचे. जिथं सभा असेल तिथं जायचे आणि येताना पत्रक घेऊन यायचे. ती पत्रकं लोखंडी पेटीत असत. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले, त्यामुळे उद्गारचिन्ह मला आधी आलं आणि पूर्णविराम बराच नंतर. पुढे कडगंचीच्या विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा ती पेटी माझ्या डोक्यात होती. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं. दुसरी काही रीत असते हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवारी मी गावी येऊन अण्णांना मदत करायचे. रेषा मारायच्या, लहान मुलींना पास शिकवायचे. एकदा मनात आलं, अण्णांवर काहीतरी लिहावं. त्यांच्या कॉलेजच्या संघाचा कप्तान अजून कलबुर्गीत राहतो, असं कळलं. मी त्याच्या घरी गेले. म्हातारा गोड होता. चहा दिला, संघाचा फोटो काढून दाखवला. अण्णा एका टोकाला बसलेले, पायाशी बॉल, पाय अनवाणी.

"काय पळायचा!" तो म्हणाला. "आन् लै तहान लागायची त्याला. मध्यंतराला मीच पाजवायचो की पाणी. मी तांब्या वरून धरायचो, त्यो ओंजळीनं पियाचा. दोन तांबे सहज."

"आणि तुम्ही?"

"आमी ग्लासानं."

त्यानं हे प्रेमानं सांगितलं. त्यात काही वावगं आहे हे त्याच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हतं. मी परतीच्या बसमध्ये बसले. कोऱ्या ग्लासाचा अर्थ मला त्या बसमध्ये लागला.

त्या आठवड्यात मी चार पानांचं पत्रक लिहिलं आणि हुमनाबादला छापून घेतलं. जयंतीच्या दिवशी सगळ्या गावात वाटलं, धनगरवाड्यात, पेठेत, बसस्टँडवर. ओंजळीची हकीकत त्यात होती. ग्लासाचा नियम होता. आणि शेवटी एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान वाटला होता: या गावातल्या उच्चवर्णीयांनो, तुमच्या लेकी पंधरा वर्षं आमच्या हातचं पाणी प्यायल्या आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही!

अण्णांना मी विचारलं नव्हतं. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता.

गावात भांडण झालं नाही, दगड आले नाहीत. पुढच्या रविवारी फक्त बाटल्या आल्या. गुलाबी, निळ्या, झाकणावर मांजर असलेल्या. मुलींनी त्या बाभळीच्या फांदीला अडकवल्या. कुणी म्हणाली, आईनं दिली. कुणी म्हणाली, उन्हाळा आहे ना. एक लहानगी म्हणाली, "अण्णा, माझ्या बाटलीत लिंबाचं सरबत हाय." अण्णा त्या बाटल्यांकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आज मध्यंतर न्हाई. सलग खेळा."

हुमनाबादच्या स्पर्धेतली आमची पुढची मॅच आठ दिवसांवर होती. पहिल्यांदाच आमचा संघ उपांत्य फेरीत पोचला होता. अण्णांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी मॅच होती. दुकान सोडून दोन वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, आणि हे ते कुणाला म्हणत नसले तरी आम्हाला ठाऊक होतं: एकदा तरी एका संघाला कप घेऊन आळंदच्या बसमध्ये बसलेलं त्यांना बघायचं होतं. त्या पत्रकानंतर काहीजणी यायच्याच बंद झाल्या. मॅचला बरोबर अकराजणी निघाल्या, बदलीला एकही नव्हती.

पहिला अर्धा आम्ही फार सुंदर खेळलो. आम्ही म्हणते, मी कडेला उभी होते. एक गोल झाला. आमची गोलकीपर धनगरवाड्यातली, लांब हातांची. "मेंढरं अडवणारीला बॉल अडवायला काय लागतंय," असं तीच म्हणायची. तिनं तीन बॉल असे अडवले की पलीकडच्या संघाचे लोकही टाळ्या वाजवायला लागले.

शिट्टी झाली. अण्णांनी घागर मैदानाच्या कडेला ठेवली होती. ते म्हणाले, "ओळ."

मी त्यांच्याजवळ गेले. "अण्णा, आज राहू द्या. आजच्या दिवस."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

सहाजणी प्यायल्या. चौघी आपापल्या बाटल्या धरून बाजूला उभ्या राहिल्या, माना खाली घालून. उरली गोलकीपर. तिच्या हातात बाटलीही होती आणि ती ओळीतही होती. फुटबॉलमध्ये सातजणी असल्या तरी खेळ चालतो, सातांच्या खाली गेला की थांबतो. ती प्यायली असती तर आम्ही सात होतो.

कडेच्या बायकांतून तिची आई ओरडली, "तुझं पाणी तुझ्याजवळ हाय न्हवं?"

मुलीनं बाटली खाली ठेवली. ग्लास घेतला नाही. ओठ कोरडे, हात दोन्ही बाजूंना सरळ. ती तशीच उभी राहिली, पंच घड्याळ बघायला लागेपर्यंत. अण्णांनी तिला घाई केली नाही. रागावले नाहीत. मग त्यांनी पंचांजवळ जाऊन सांगितलं, "माझ्याकडं सहाच हायेत."

"असं कसं सहा? अकरा दिसायल्यात की," पंच म्हणाला.

"दिसायल्यात," अण्णा म्हणाले.

मॅच पलीकडच्या संघाला दिली. बसमध्ये अण्णांनी शिट्टी गळ्यातून काढून ग्लासात टाकली आणि ग्लास पिशवीत. त्यानंतरचे दोन रविवार ते मैदानावर आले नाहीत. गायरानावरच्या राखेच्या रेषा मेंढरांच्या पायांनी पुसून गेल्या.

तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात ट्यूबचे तुकडे कापत बसले होते. मी माफी मागितली. खरं सांगायचं तर निम्मी माफी होती आणि निम्मं भांडण.

"मी खोटं काय लिहिलं, अण्णा?"

"खोटं न्हाई लिहिलंस. पर त्ये माझं होतं."

त्यांनी ट्यूबचा आणखी एक तुकडा कापला.

"आन् तुला अर्धंच ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्यो कप्तान. पहिल्या मॅचला त्यानं ग्लास भरला व्हता माझ्यासाठी. पुढं केला व्हता. मीच वाकलो. मीच ओंजळ केली. मला कुणी वाक म्हणलं न्हवतं. हात आपोआप जुळले. मग त्यानं बी ग्लास ठेवला आन् तांब्या उचलला. तीन वर्षं तसंच चाललं. त्याला बी काय वाटलं न्हाई, मला बी न्हाई. खेळ सुटला, हुमनाबादला गेलो. एका दिवशी हापशाखाली हात धुताना ओंजळ दिसली आन् कळलं, मी काय केलतो त्ये."

मी त्यांच्या हातांकडं बघितलं.

"हातांना वाकायची सवय लागलेली असती. ह्या पोरींच्या हातांना ती लागू नये, त्यांच्या बी आन् आपल्या बी, एवढंच माझं काम व्हतं. कारण सांगायची गरज न्हवती."

"पण त्यांच्या आयांना अंधारात ठेवून कसं चालेल?"

"अंधारात?" ते हसले. "आगं, त्या बाया काय आंधळ्या हायेत? गायरान उघडं हाय. पंधरा वर्षं मेंढरं घेऊन शेजारनं जायच्या. सगळ्यांना ठाऊक व्हतं. ठाऊक असून गप व्हत्या. गप राहायची सवड मी दिली व्हती. तू छापलंस आन् गावापुढं त्यांना सांगावं लागलं, आमी कुणाच्या. मी पाणी पाजवायलो व्हतो, बाई. तू भाषण पाजवलंस."

ते मला लागलं. अजून लागतं. तरी मी गप्प बसले नाही, कारण मला तसं शिकवलेलंच नाही. मी म्हणाले, "अण्णा, जे एका कागदानं पडतं ते उभं तरी होतं का?"

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"त्ये बी खरंय," ते म्हणाले.

एवढंच. कोण जिंकलं हे मला आजही माहीत नाही. पत्रकं मी अजून लिहिते. जिथं दार बंद आहे तिथं ती लागतातच. पण एक दार किलकिलं होतं, त्याला मी लाथ घातली, आणि पंज्यानं घातली. हे मला मान्य करावं लागेल.

चौथ्या रविवारी अण्णा राखेचं पोतं घेऊन मैदानावर आले. आम्ही वस्तीतल्या पाचजणी होतो. थोड्या वेळानं गोलकीपर आली, एकटीच, बाटली न घेता. काही न बोलता गोलात जाऊन उभी राहिली. अण्णा तिच्यावर बॉल मारत राहिले. मध्यंतर ठेवलं नाही. असे तीन रविवार गेले. ती तहानलेलीच घरी जायची.

त्याच्या पुढच्या रविवारी ऊन फार होतं. खेळ चालू असतानाच ती गोल सोडून बाभळीकडं चालत गेली. घागरीत ग्लास बुडवला आणि तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मग तिनं ग्लास विसळला, भरला आणि माझ्यापुढे धरला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गायरानाच्या पलीकडच्या कडेला तिची आई मेंढरं घेऊन उभी होती. आमच्याकडं पाठ करून. सगळी मेंढरं एका जागी चरत होती, हाकायची काहीच गरज नव्हती, तरी ती पाठ करूनच उभी राहिली. पूर्वी मी त्या पाठीवर चार पानं लिहिली असती. आता मी पाणी प्याले.

आज आम्ही आठजणी आहोत. अकरा झालेल्या नाहीत. अण्णांचे गुडघे आता त्यांना उभं राहू देत नाहीत. ते बाभळीखाली खुर्चीवर बसून कन्नडमध्ये मोजतात. तो कप अजून दुसऱ्या कुणाच्या तरी गावात आहे.

या वेळी मी हे छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नावं काढ. गावाचं बी. लेकरांची तर ठेवूच नकोस." मी सगळी काढली. मग म्हणाले, "आन् आमच्या गावात वाटू नकोस." वाटणार नाही.

म्हणून हे तुमच्याकडं पाठवत आहे, जे लांब आहात. तुमच्या गावात कुठंतरी मुलं-मुली काहीतरी खेळत असतील. येत्या रविवारी तिथं एक घागर न्या आणि एक ग्लास, नाव न घातलेला. मध्यंतराला आधी तुम्ही प्या, तोंड लावून. विसळा, भरा आणि शेजारी जो असेल त्याच्या हातात द्या. कुणी विचारलं कामून, तर म्हणा, नियम आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जा. कुणी पाठ करून उभं असेल तर त्याला उभं राहू द्या.

आणि हा कागद घरी ठेवून जा.